आधी कप्तान, मग जहाज

पोलारिस जहाज कधी गेलं, याची दोन उत्तरं देता येतात. नौदलाच्या कागदांप्रमाणे १५ ऑक्टोबर १८७२च्या रात्री, ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्याजवळ, वादळात. मला विचाराल तर त्याच्या अकरा महिने आधी, ८ नोव्हेंबर १८७१ला पहाटे ३ वाजून २५ मिनिटांनी. तेव्हा जहाज धडधाकट उभं होतं. एकही फळी निसटली नव्हती, कोठारात अन्न होतं, कोळसा होता. फक्त मोहिमेचा प्रमुख चार्ल्स फ्रान्सिस हॉल केबिनमध्ये मरून पडला होता, आणि जहाजावरच्या बऱ्याच जणांना मनातून हायसं वाटत होतं.

म्हणून हा घटनाक्रम दोन मुदतींचा आहे. पहिली माणसाची, दुसरी जहाजाची.

२९ जून १८७१, न्यूयॉर्क

ब्रुकलिनच्या नौदल गोदीतून पोलारिस निघालं. मूळची ही ३८७ टनांची ‘पेरिविंकल’ नावाची टग बोट. बर्फाला टक्कर देता यावी म्हणून मजबूत करून घेतलेली. अमेरिकी काँग्रेसने मोहिमेसाठी ५० हजार डॉलर मंजूर केले होते आणि काम एकच होतं, उत्तर ध्रुव गाठायचा.

हॉल खलाशी नव्हता. सिनसिनाटीत तो खोदकामाचे शिक्के बनवायचा, एक छोटं वर्तमानपत्र चालवायचा. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याला हरवलेल्या फ्रँकलिन मोहिमेच्या शोधाचं वेड लागलं आणि बायकोमुलांना मागे टाकून तो दोन खेपांत मिळून सात वर्षं इनुइट लोकांत राहून आला. त्यांचं कच्चं मांस खाल्लं, त्यांच्या बर्फघरांत झोपला. एबिअरबिंग आणि तुकुलितो हे इनुइट जोडपं त्याच्या बरोबर सावलीसारखं असे. गोरे लोक त्यांना जो आणि हॅना म्हणत. हॅना उत्तम इंग्रजी बोलायची. तरुणपणी इंग्लंडला जाऊन दोघं राणी व्हिक्टोरियाला भेटूनही आले होते.

हॉलच्या स्वभावाची दुसरी बाजूही सांगायला हवी. दुसऱ्या खेपेत, १८६८मध्ये, बंडखोरी करतोय म्हणून त्याने पॅट्रिक कोलमन नावाच्या खलाशावर गोळी झाडली. कोलमन मरायला दोन आठवडे लागले आणि ते सगळे दिवस हॉलच त्याची शुश्रूषा करत होता. या प्रकरणी त्याच्यावर कधी खटला चालला नाही.

पोलारिसवर त्याच्या हाताखाली जहाज चालवायला सिडनी बडिंग्टन होता. तो मुरलेला व्हेल-शिकारी, दारूचा शौकीन आणि ध्रुवाबद्दल पूर्ण बेफिकीर. त्याला मदतनीस जॉर्ज टायसन, तोही व्हेलजहाजाचा माजी कप्तान. शास्त्रीय विभागाचा प्रमुख आणि जहाजाचा डॉक्टर एकच, एमिल बेसेल्स. हायडलबर्गला शिकलेला, वयाने चोविशीतला, हुशार. आणि शाळा अर्धवट सोडलेला हॉल आपल्यावर हुकूम चालवतो हे त्याला मुळीच सोसत नव्हतं. खलाशांतले बरेच जर्मन, म्हणजे डॉक्टरच्या भाषेचे. एका जहाजावर हॉल धरून तीन-चार ‘कप्तान’ आणि एक विद्वान. यातून काय निघणार होतं?

ऑगस्ट १८७१, गोडहाव्न, ग्रीनलंड

पहिला भडका इथेच उडाला. हवामानतज्ज्ञ फ्रेडरिक मायरने आपली रोजनिशी लिहून घ्यावी, असं हॉलचं म्हणणं. मायर म्हणाला, मी त्यासाठी आलेलो नाही. डॉक्टरने मायरची बाजू घेतली आणि प्रसंग इतका ताणला गेला की जर्मन मंडळी जहाज सोडून जायच्या गोष्टी करू लागली. शिधा घेऊन आलेल्या ‘काँग्रेस’ या युद्धनौकेच्या कप्तान डेव्हनपोर्टने मध्ये पडून प्रकरण मिटवलं. म्हणजे झाकलं.

पुढे उपर्नविकला हान्स हेन्ड्रिक हा ग्रीनलंडचा शिकारी चढला, बायको आणि तीन मुलांसह. इनुइट माणूस कुटुंब मागे ठेवून महिनोन्महिने जात नाही. खलाशांनी नाकं मुरडली. त्या मुलांच्या आईबापांवर आपला जीव अवलंबून राहणार आहे, हे त्यांना कोण सांगणार?

३० ऑगस्ट १८७१

८२ अंश ११ मिनिटं उत्तर. तोवर कुठलंही जहाज इतक्या वर गेलं नव्हतं. हॉलला आणखी वर जायचं होतं. बडिंग्टनने नकार दिला. बर्फात अडकू, मागे फिरू, हिवाळ्यासाठी सुरक्षित जागा शोधू. वाद चालू असतानाच प्रवाहाने जहाज मागे लोटलं. १० सप्टेंबरला ८१ अंश ३७ मिनिटांवर एका आखातात नांगर पडला. हॉलने त्या जागेला ‘थँक गॉड हार्बर’ नाव दिलं आणि आडोसा देणाऱ्या हिमनगालाही ‘प्रॉव्हिडन्स’ म्हटलं. देवावर त्याची फार भिस्त होती.

१० ऑक्टोबर १८७१

हिवाळा पुरता बसायच्या आत ध्रुवाच्या वाटेची पाहणी करायला हॉल स्लेज घेऊन निघाला. बरोबर पहिला मेट चेस्टर, जो आणि हान्स. टायसनला न्यायची त्याची फार इच्छा होती, पण बडिंग्टनवर नजर ठेवायला कोणीतरी भरवशाचं जहाजावर हवं होतं. ज्या प्रमुखाला आपल्याच कप्तानावर पहारा बसवून बाहेर पडावं लागतं, त्याची मोहीम किती पाण्यात आहे ते वेगळं सांगायला नको.

२० तारखेला केप ब्रेव्हूर्टजवळच्या बर्फघरात बसून त्याने नौदलमंत्र्यांना पत्र लिहिलं. सूर पूर्ण आशेचा. त्याच्या हातचा हा शेवटचा अहवाल.

२४ ऑक्टोबर, दुपार : मृत्यूला १५ दिवस

स्लेज परत आल्या. सूर्य मावळून आठवडा झाला होता, आता तो चार महिन्यांहून अधिक काळ उगवणार नव्हता. हॉल थकलेला पण खुशीत. त्याने सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, केबिनमध्ये येऊन अंगावरचे लोकरी कपडे उतरवायला लागला आणि स्टुअर्ड हेरनने गॅलीतून आणलेली कॉफी प्यायला.

थोड्याच वेळात पोटात कळ, मग उलट्या. हॅनाने पुढे साक्षीत सांगितलं की कॉफी फार गोड लागली, तिनेच आपल्याला त्रास झाला, असं हॉल म्हणाला होता. डॉक्टर बेसेल्सने तपासलं. नाडी अनियमित, डावं अंग लुळं पडत चाललेलं. निदान : पक्षाघाताचा झटका.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये. उणे तापमानात दोन आठवडे काढलेला पन्नाशीचा माणूस कोंदट, तापलेल्या केबिनमध्ये आला आणि त्याला झटका आला, हे अशक्य अजिबात नाही. बेसेल्सचं तेच म्हणणं होतं आणि त्या काळच्या वैद्यकाला ते पटण्यासारखं होतं. पण झटका आलेल्या रोग्याला आठवडाभर पोटाच्या कळा, उलट्या आणि तोंड येणं, हे चित्र तितकंसं जुळत नाही.

२५ ते २८ ऑक्टोबर : उरले १४ ते ११ दिवस

उपचार सुरू झाले. एरंडेल आणि जमालगोट्याचं तेल, मोहरीचे लेप, मग ताप चढतोय म्हणून क्विनाईनची इंजेक्शनं. हॉल एकदा सुधारायचा, एकदा ढासळायचा. मग भ्रम सुरू झाला. लोकांच्या तोंडातून निळी वाफ निघताना त्याला दिसू लागली. आपल्याला विष घातलं जातंय, असं तो उघड बोलायला लागला. कधी बडिंग्टनवर संशय, कधी डॉक्टरवर, कधी समोर येईल त्यावर. हॅना आणि जो यांच्यावर मात्र नाही.

२९ ऑक्टोबर : उरले १० दिवस

हॉलने डॉक्टरला जवळ येऊ द्यायचं बंद केलं. औषध नको, इंजेक्शन नको. खायचं ते हॅनाच्या हातचं, नाहीतर स्वतः उघडलेल्या डब्यातलं.

आणि तो बरा व्हायला लागला.

हे सहा दिवस सगळ्या प्रकरणात कळीचे आहेत. भ्रम कमी झाला, भूक परतली. उठून बसून त्याने खलाशी जोसेफ माउचकडून स्लेजप्रवासाच्या नोंदी लिहून घ्यायला घेतल्या. विषाचा संशय घेणारा वेडसर रोगी डॉक्टरला दूर ठेवतो आणि सुधारतो. याला योगायोग म्हणता येतं, कारण झटका आलेले रोगीही काही दिवस सुधारतात. पण माझ्यापुरतं सांगायचं तर या प्रकरणातला माझा संशय कॉफीच्या कपापेक्षा या सहा दिवसांमुळे जास्त पक्का झाला. कपात काय होतं ते कोणाला ठाऊक. पण कोणाचा हात थांबल्यावर रोगी उठून बसला, ते साक्षीदारांनी सांगितलं आहे.

४ नोव्हेंबर : उरले ४ दिवस

मंडळींनी समजूत घातली. हॉल नरमला, डॉक्टरचे उपचार पुन्हा सुरू झाले.

६ नोव्हेंबरची रात्र, ७ची पहाट : उरला १ दिवस

अचानक सगळं उलटलं. बडिंग्टनला झोपेतून उठवण्यात आलं. तो आला तेव्हा हॉल बर्थच्या कडेला पाय सोडून बसला होता, जीभ जड, डोळे तारवटलेले. ‘खून’ हा शब्द कसा लिहायचा, असं त्याने विचारलं. मग तो डॉक्टरवर विषाचा आरोप करत राहिला, आणि शेवटी बेशुद्धीत गेला.

८ नोव्हेंबर, पहाटे ३:२५

हॉल मेला.

दोन दिवसांनी त्याला पुरलं. जमीन दगडासारखी गोठलेली. कुदळींनी खणून खणून जेमतेम दोन फूट खड्डा झाला. दुपारच्या आधीची वेळ, पण मिट्ट काळोख, त्यामुळे टायसन कंदील घेऊन पुढे चालत होता. अमेरिकेचा झेंडा गुंडाळलेली पेटी, मागे दोरी ओढणारे खलाशी, धर्मगुरू ब्रायनची प्रार्थना. हॅना हमसून रडत होती. बडिंग्टनला कसं सुटल्यासारखं झालं होतं, ते टायसनने लिहून ठेवलंय. टायसनला बडिंग्टन आवडत नव्हता, हेही लक्षात ठेवून ते वाचावं.

आता एका कागदाबद्दल. निघतानाच्या सूचनांत नौदलमंत्री जॉर्ज रोबसन यांनी हॉलच्या मृत्यूची शक्यता धरून एक कलम घातलं होतं. हॉल गेला तर जहाज बडिंग्टनचं, विज्ञान आणि स्लेजमोहिमा बेसेल्सच्या. दोघांनी सल्लामसलतीने पुढे जावं. आणि दोघांचं एकमत झालं नाही तर? तर सर्वाधिकार बडिंग्टनकडे आणि त्याने मोहीम घेऊन मायदेशी परतावं.

हे कलम लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण त्याचा अर्थ असा होत होता, की ज्याला घरी जायचंय त्याने फक्त भांडत राहावं. हॉल जिवंत असेतो हे कलम निजलेलं होतं. त्याच्या मृत्यूने घरी जायची इच्छा असलेल्याला परवाना मिळाला आणि डॉक्टरला त्याच्या डोक्यावरचा अडाणी साहेब हटून मोकळीक मिळाली. पाच दिवसांनी, १३ नोव्हेंबरला, दोघांनी एकत्र सही करून आपण शक्य तितकं उत्तरेकडे जाऊ असं लिहून ठेवलं. कोणी गेलं नाही.

हिवाळा, १८७१-७२ : जहाजाला ११ महिने

या काळाबद्दल थोडक्यात. हॉलची रविवारची प्रार्थना ऐच्छिक झाली, मग नाहीशी. बडिंग्टनने खलाशांना बंदुका-पिस्तुलं वाटून टाकली. पुढे त्याच टायसनवर रोखल्या जायच्या होत्या. कप्तान दारूसाठी डॉक्टरचं कपाट फोडायला लागला. नमुने टिकवायला ठेवलेलं अल्कोहोलही त्याने सोडलं नाही, आणि बेसेल्सने एकदा दबा धरून त्याला रंगेहाथ पकडलं. वर ध्रुव, खाली चोर-पोलीस.

जूनमध्ये दोन होड्या उत्तरेला धाडल्या गेल्या. चेस्टरची होडी लगेच बर्फाने चिरडली. १२ ऑगस्टला पोलारिस दक्षिणेला निघालं. त्याच सुमाराला हान्सच्या बायकोला मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं चार्ली पोलारिस. काही दिवसांत जहाज पुन्हा बर्फात अडकलं आणि बर्फाबरोबरच खाली वाहत राहिलं. दोन महिने.

१५ ऑक्टोबर १८७२, संध्याकाळी ६च्या सुमारास : उरले ४ तास

वादळ. हिमवर्षाव इतका दाट की डेकवरचा माणूस डेकवरच्या माणसाला दिसेना. ज्या बर्फाच्या तुकड्याला जहाज बांधलं होतं, त्याच्यावर दुसरा बर्फ येऊन आदळायला लागला. मध्ये सापडलेलं पोलारिस कण्हत वर उचललं गेलं, एका अंगाला कललं.

त्यानंतर

इंजिनियर शूमान धावत वर आला : पाणी शिरतंय, पंपांना आवरत नाही. बडिंग्टनने हात वर फेकले आणि ओरडून हुकूम सोडला, सगळं बर्फावर फेका.

मग जे सुरू झालं त्याला शिस्त म्हणता येणार नाही. पिंपं, पोती, कपडे, कोळसा, हाताला लागेल ते बाहेर. फेकलेल्या पेट्या जहाजाखाली जाऊन चिरडत होत्या. टायसन बर्फावर उतरून माल मागे ओढायला लागला. हॅना आणि हान्सची बायको मदतीला होत्या. काही वेळाने तो वर गेला आणि चौकशी केली, तर पाणी रोजच्यापेक्षा फारसं जास्त नव्हतंच. तो पुन्हा खाली उतरला, कारण इतका माल तसाच उघड्यावर सोडून चालणार नव्हतं.

रात्री १०च्या सुमारास : शून्य

बर्फ टायसनच्या पायांखाली फुटला. दोर तटातट तुटले आणि वाऱ्याने जहाजाला अंधारात ओढून नेलं. काही क्षणांत ते दिसेनासं झालं.

तुकड्यातुकड्यांवर माणसं ओरडत होती. दोन तुकड्यांच्या मधल्या भेगेवर कस्तुरीबैलाच्या कातड्यांचं एक गाठोडं आडवं पडलं होतं, पाण्यात जायच्या बेतात. टायसनने ते ओढून घेतलं. आत हान्सची मुलं होती.

१६ ऑक्टोबर, सकाळ

बर्फावर १९ जण. टायसन, मायर, हेरन, स्वयंपाकी जॅक्सन आणि सहा खलाशी. जो, हॅना आणि त्यांची मानलेली मुलगी पनी. हान्स, त्याची बायको आणि चार मुलं. धाकटं दोन महिन्यांचं. जवळ साडेअकरा पोती पावरोटी, १४ डबे पेमिकन म्हणजे सुकं मांस आणि चरबी कुटून केलेलं खाणं, १४ हॅम, मांस आणि सूपचे शंभराच्या वर डबे, थोडं चॉकलेट, एक डबा सुकी सफरचंदं. दोन होड्या, कयाक.

दुपारी पोलारिस दिसलं. काही मैलांवर, धूर सोडत, शिडं उभारून, किनाऱ्याच्या बाजूने येत होतं. टायसनने झेंड्यासारखं फडकं उभारलं, दुर्बिणीतून पाहिलं. जहाज वळलं आणि लिटलटन बेटाच्या आड गेलं.

इथे बडिंग्टनच्या वतीनेही दोन शब्द सांगायला हवेत. जहाजावर चौदाच माणसं राहिली होती, पाणी खरंच भरत होतं, इंजिन पेटवायला रात्र गेली होती, होड्या सगळ्या बर्फावर गेल्या होत्या. डोलकाठीवरून पाहिलं तर कोणी दिसलं नाही, असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण टायसनला जहाज दिसत होतं. पोलारिस त्याच दिवशी किनाऱ्यावर चढवून सोडून देण्यात आलं. त्या चौदांनी त्याच्याच लाकडातून घर उभारलं, जवळच्या एटा वस्तीतल्या इनुइटांच्या मदतीने हिवाळा काढला, दोन होड्या बांधल्या आणि पुढच्या जूनमध्ये ‘रेव्हन्सक्रेग’ या स्कॉटिश व्हेलजहाजाने त्यांना उचललं. सगळे वाचले.

ऑक्टोबर १८७२ ते मार्च १८७३, बर्फावर

इथे घड्याळ बंद पडलं. पुढे तास नव्हते, औंस होते. मोठ्या माणसाला दिवसाला ११ औंस, लहानाला अर्धं. जो आणि हान्सने बर्फघरं बांधली. खलाशांनी पहिल्याच दिवसांत दोनपैकी एक होडी जाळून शेक घेतला. मायरने हिशोब मांडला की आपण ग्रीनलंडच्या बाजूने वाहत चाललोय, डिस्को बेट जवळ आहे. मग खलाशी चालत किनारा गाठायच्या गोष्टी करू लागले. टायसन आणि जोचं मत उलटं होतं आणि तेच बरोबर निघालं. मायरचं ऐकून ते निघाले असते तर हा लेख १९ मृत्यूंचा झाला असता.

बर्फावरही तीच पोलारिसची फाळणी. जर्मन खलाशी एका घरात, आपल्या भाषेत, कमरेला पिस्तुलं लावून. टायसन नावाला प्रमुख; त्याच्याकडे ना हत्यार ना धड गरम कपडे. तो जोच्या घरात राहायचा. कधीतरी जोने त्याच्या हातात आपलं पिस्तूल दिलं. खलाशी बायकामुलांकडे ज्या नजरेने पाहतायत ती जोला आवडत नव्हती. उपासमारीत गोऱ्या माणसांनी एकमेकांना खाल्ल्याच्या फ्रँकलिन मोहिमेच्या कथा त्यानेच हॉलला दुभाष्या म्हणून ऐकवल्या होत्या. त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि शिकार कोण करत होतं? जो आणि हान्स. एकोणीसच्या एकोणीस जण ज्या सीलवर जगत होते, ते सील अंधारात, बर्फाच्या भोकापाशी तासन्‌तास न हलता बसून हे दोघे मारत होते. म्हणजे ज्यांना खायचा विचार चालला होता, तेच सगळ्यांना खाऊ घालत होते. हे टायसनला कळत होतं. बाकीच्यांना बहुधा उशिरा कळलं.

१९ जानेवारीला सूर्य परत आला. छोटी पनी भूक लागल्याचं सांगत राहायची आणि टायसनला ते ऐकवत नसे.

१ एप्रिल १८७३

तुकडा झिजून लहान झाला होता. १९ जण सहा-आठ माणसांच्या होडीत शिरले आणि बर्फाच्या तुकड्यावरून तुकड्यावर सरकायला लागले.

२० एप्रिल, रात्र

लाटा तुकड्यावरून पलीकडे जायला लागल्या. बायकामुलांना होडीत बसवलं आणि पुरुष रात्रभर कमरेपर्यंतच्या पाण्यात होडी धरून उभे राहिले. प्रत्येक लाट होडी काठापर्यंत ढकलायची. पुन्हा ओढून मध्ये आणायची. सकाळी मोजदाद केली, सगळे होते. दोन दिवसांनी जोने अस्वल मारलं.

३० एप्रिल

धुक्यातून न्यूफाउंडलंडचं सील-शिकारी जहाज ‘टायग्रेस’ आलं. हान्स कयाक मारत पुढे गेला. ठिकाण लॅब्राडोरचा किनारा, ५३ अंश ३५ मिनिटं. म्हणजे उत्तरेतून सुमारे १८०० मैल वाहत आलेले. साडेसहा महिन्यांत एकही माणूस मेला नव्हता, तान्हा चार्लीसुद्धा.

जून आणि ऑक्टोबर १८७३, वॉशिंग्टन

चौकशी. बर्फावरून आलेल्यांनी सांगितलं : कॉफी, विषाचा संशय, दारू, बेशिस्त. बेसेल्स परतल्यावर त्याने झटक्याचं निदान ठामपणे मांडलं. हॉलच्या आजारपणाच्या काळातले त्याचे कागद मात्र बहुतेक गायब. बर्फावर फेकले, जळाले, की कोणी जाळले, ते कधी ठरलं नाही. लष्कर आणि नौदल, दोन्हींच्या मुख्य वैद्यांनी बेसेल्सची साक्ष ऐकून अहवाल दिला की मृत्यू नैसर्गिक. बडिंग्टनला शिस्तीबद्दल बोल लागला, शिक्षा कोणालाच झाली नाही.

चौकशी करणाऱ्यांत नौदलमंत्री रोबसन स्वतः बसले होते. हॉल मेला तर काय करायचं, हे ज्यांनी लिहिलं होतं तेच. त्या कलमाबद्दल कोणी प्रश्न विचारला नाही, ही या चौकशीची मला सगळ्यात मोठी उणीव वाटते. विष कोणी घातलं हे ठरवणं १८७३मध्ये अवघड होतं. प्रमुखाच्या मरणाने कोणाचा फायदा होतो ते एका कागदावर लिहिलेलं होतं आणि तो कागद खोलीतच होता.

हॅना १८७६च्या शेवटच्या दिवशी कनेटिकटमधल्या ग्रॉटनला गेली. तिच्याआधीच पनी गेली होती. जो पुन्हा उत्तरेला निघून गेला.

ऑगस्ट १९६८, थँक गॉड हार्बर

डार्टमथचे प्राध्यापक चॉन्सी लूमिस हॉलचं चरित्र लिहीत होते. डेन्मार्कची परवानगी काढून, बरोबर फ्रँकलिन पॅडॉक हे डॉक्टर घेऊन ते विमानाने कबरीपाशी पोचले. अंगाभोवती गुंडाळलेला झेंडा अजून चिकटलेला होता. आतले अवयव ओळखू येण्याजोगे उरले नव्हते, पण केस आणि नखं होती. नखं हळूहळू वाढतात आणि शरीरात गेलेला सोमल, म्हणजे आर्सेनिक, त्यात साठतो. त्यामुळे टोकाकडे जुने दिवस, मुळाकडे शेवटचे. टोरोंटोच्या न्यायवैद्यक केंद्राने नख कापून तपासलं. टोकाला दहा लाख भागांत २४.६ भाग सोमल, मुळाशी ७६.७. आसपासच्या मातीतही सोमल होता, २२ भाग. पण मातीतून मुरलेला सोमल टोकापासून मुळापर्यंत असा चढत जाणार नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत हॉलच्या पोटात बराच सोमल गेला होता, हा निष्कर्ष बहुतेकांना मान्य आहे.

कोणी घातला, ते नख सांगत नाही. लूमिस यांनी स्वतः खुनाचा शिक्का मारला नाही. एकोणिसाव्या शतकात सोमल औषधांत सर्रास असायचा. स्वतःची औषधपेटी बाळगणाऱ्या हॉलने डॉक्टरला हाकलल्यावर तो स्वतःच घेतला असेल, ही शक्यता त्यांनी उघडी ठेवली. मला ती पटत नाही, आणि कारण तेच सहा दिवस. डॉक्टर लांब असताना हॉल सोमल खात असता तर तो सुधारला कसा? अलीकडे बेसेल्सची व्हिनी रीम या तरुण शिल्पकार बाईला लिहिलेली पत्रं उजेडात आली. प्रस्थानाच्या आधीच्या आठवड्यांत हॉलचीही तिच्याशी ओळख झाली होती. त्यावरून प्रेमातल्या मत्सराची कथा रचली गेली. वाचायला ती छान लागते. पण गोडहाव्नला, साऱ्या अधिकाऱ्यांसमोर, हॉल आणि बेसेल्समध्ये जे झालं ते पाहिल्यावर त्या कथेची फारशी गरज उरत नाही. बेसेल्सकडे औषधांची किल्ली होती, रोग्यापाशी जायची मुभा होती, ज्ञान होतं आणि ज्याला तो आपल्याखालचा समजत होता तो माणूस त्याच्यावर साहेब होता. न्यायालयात एवढ्यावर कोणाला फाशी होणार नाही. बेसेल्सने पुढे मोहिमेचे शास्त्रीय निष्कर्ष ग्रंथरूपाने छापले, स्वतःची प्रवासकथा जर्मनमध्ये लिहिली आणि तो १८८८मध्ये जर्मनीत वारला. हॉलच्या कबरीवर १८७६मध्ये ब्रिटिश मोहिमेने पितळी पाटी लावून त्याचा सन्मान केला. अमेरिकेच्या सरकारला तितकं करायला सुचलं नव्हतं.